बोरखडीत डोकी मोजली

बोरखडीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तरी कुणाला पत्ता लागत नसे. भोंगा नाही, पत्रक नाही, कुणाच्या मळ्यात मटणाची चूल नाही. रंभाजी तोरडमल मारुतीच्या देवळात सतरंजी टाकत, गावातली दहा-बारा जाणती माणसं बोलावत, आणि चहाची तिसरी फेरी येईस्तोवर सरपंचापासून शेवटच्या सदस्यापर्यंत सगळी नावं ठरलेली असत. जितक्या जागा तितकेच अर्ज, मग मतदान कशाला हवं? मिरजगावकडून आत वळलं की वेशीवर पत्र्याची पाटीच होती, ‘बिनविरोध ग्राम बोरखडी’. पंचायत स्थापन झाली तेव्हापासून गाव पंचायतीसाठी कधी मतदानाला गेलं नव्हतं. आधी ही जुळवाजुळव रंभाजींचे वडील करत, मागच्या आठ वेळा रंभाजींनी केली. वय बहात्तर, आवाज खणखणीत, आणि गाव त्यांना म्हणे आबा.

आबांना या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो अगदीच उगाच नव्हता. शेजारच्या गावांत निवडणुकीपायी सख्खे भाऊ पाच-पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नसत. बोरखडीत कधी काठी उचलली गेली नाही. आबा रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि पारावर बसून त्याचा निकाल लावत.

“डोकी मोजनं हे इंग्रजाचं खूळ,” ते कानिफनाथला सांगत. कानिफनाथ त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, आणि मान डोलवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. “त्येला गाव कळंना म्हनून त्यो डोकी मोजायचा. आपन डोकी जुळिवतो. आपल्याबरुबर कितीक देस मोकळे झाले, बघ. कुठं लष्कर येऊन बसलं, कुठं येकच गडी तीस-तीस वर्सं खुर्चीला चिकटला. आपलं टिकलं ते का? खाली गावानं समजुतीनं घेतलं म्हनून.”

“खरं हाय,” कानिफनाथ म्हणे.

यंदा सरपंचपद महिलेसाठी निघालं. देवळातल्या बैठकीनं आबांची सून शुभांगी हिचं नाव सुचवलं. आबा दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्यांदा त्यांना गावाचा मान मोडवला नाही. शुभांगी बी. कॉम. झालेली, मोबाईलवर सगळ्या योजनांचे फॉर्म भरणारी, त्यामुळं नाव काही वाईट नव्हतं. तिचा अर्ज छाननीत उडाला तर पंचाईत नको, म्हणून आबांनी घरातलाच एक डमी अर्ज भरून ठेवला, बायकोचा. राहीबाई तेव्हा पीठ मळत होती. तिनं हात पुसले, आबांनी बोट ठेवलं तिथं सही केली आणि परत पीठ मळायला बसली.

छाननीत सगळे अर्ज टिकले. गावातल्या आणखी तिघींनी हौसेनं अर्ज भरले होते, त्या एकेका निरोपात मागं सरल्या. राहिली भारती भैलुमे. ओढ्यापलीकडं बौद्ध वस्ती, तिथली ही आशा वर्कर. गावातल्या अर्ध्या बाळंतपणांना ती रिक्षा घेऊन दवाखान्यात धावली होती, त्यामुळं तिच्यावर डाफरून चालणार नव्हतं. आबा कानिफनाथला घेऊन स्वतः गेले आणि तिच्या दारापुढच्या रस्त्यावर उभे राहिले. भारती चहा ठेवायला निघाली तर म्हणाले, “नगं गं, आत्ताच झाला.” चाळीस वर्षं त्यांचा चहा आत्ताच झालेला असे.

“भारती, गावाची येवढी परंपरा हाय. तेवढा आरज काढून घे. तुझ्या दारातल्या मोरीवर फरशी टाकून घेऊ, ही माझी जबान.”

भारतीची सासू भिमाबाई बाजेवर बसली होती. एक्क्याऐंशी वर्षांची, डोळ्यांचं ऑपरेशन झालेली, कान मात्र तिखट. तिनं आपला डावा हात पुढं धरला आणि बोटं पसरली.

“आबा, दिल्लीसाठी या बोटाला शाई लागली. मुंबईसाठी लागली. जवाजवा लावली तवातवा मी गेले, ताप आसला तरी गेले. ह्या दारातल्या मोरीसाठी कवा लागली न्हाई. दिल्लीत कोन बसवायचं ते मला इचारत्यात, आन मोरीचं न्हाई इचारत.”

“आगं, आपन डोकी जुळिवतो, भिमाबाई.”

“जुळिवताना आमची डोकी कुठं हुती?”

आबांनी पिशवीतून माघारीचा कागद काढून भारतीपुढं धरला. भारतीनं सासूकडं पाहिलं, मोरीकडं पाहिलं, आणि माघारीच्या अर्जावर सही केली. पावसाळ्यात मोरीचं पाणी चुलीपर्यंत यायचं, आणि तिच्या घरात रांगतं मूल होतं. आबा पिशवी काखेत मारून परतले. आता फक्त कागद पोचवायचे राहिले होते.

माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत. आबा अडीचलाच कर्जतच्या तहसील कचेरीत हजर झाले आणि सह्यांचे चार कागद, सोबत त्या चौघींनी दिलेली अधिकारपत्रं, असं सगळं टेबलावर पत्त्यांसारखं पसरून ठेवलं. निवडणुकीचं काम बघणाऱ्या बाईंनी एकेक नाव खोडलं. मग पेन थांबलं.

“आणि राहीबाई रंभाजी तोरडमल?”

आबा हसले. “ती घरचीच हाय. माझी मंडळी.”

“त्यांचा माघारीचा अर्ज?”

“त्येला काय आरज? मी सांगतो न्हवं. काढून टाका.”

“आबा, उमेदवार त्या आहेत. सही त्यांची लागते.”

आबांनी पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर पडलं, तंबाखूची पुडी पडली. साऱ्या गावाच्या सह्या त्यांनी दारोदार फिरून घेतल्या होत्या, आणि घरात विचारायला लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला. शुभांगी म्हणाली, आत्याबाई कांदा काढायला रानात गेल्यात. तीस किलोमीटरवरून वीस मिनिटांत राहीबाईला कोण आणणार? तीन वाजले. बाईंनी यादी फळ्यावर लावली: सरपंचपदासाठी उमेदवार दोन. शुभांगीला चिन्ह मिळालं छत्री, आणि राहीबाईला शिट्टी. चाळीस वर्षं गाव जुळवणारा माणूस स्वतःच्या चुलीपाशी चुकला होता.

“माझी बायकू आन शिट्टी!” परतीच्या वाटेवर आबा एवढंच तीनदा म्हणाले. कानिफनाथनं तीनही वेळा मान डोलवली, पण तोंडावर रुमाल धरून.

घरी राहीबाई ओसरीत कांदे पसरत होती. सगळं ऐकून तिनं पाटी खाली ठेवली.

“म्हंजी लोकं माझ्या नावाम्होरं बटन दाबनार?”

“कोन दाबतंय! पत्रक काढतो. तुझा शुभांगीला जाहीर पाठिंबा. झालं.”

दुसऱ्या दिवशी आबांनी ते पत्रक लिहून आणलं आणि तिच्यापुढं वाचलं. राहीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि सही केली नाही.

“ऱ्हाऊ द्या नाव,” ती म्हणाली.

“का?”

“चाळीस वर्सं तुमच्या बैठकीला चहा केला. आत काय ठरलं ते मला गावाकडनंच कळायचं. आता आपसूक नाव आलंय, तर येकडाव बघू द्या की, गावाला मी दिसते का न्हाई.”

आबांचा आवाज चढला. “सुनंच्या इरोधात हुबी ऱ्हानार तू?”

“मी कुनाच्या इरोधात न्हाई. तुमीच हुबं केलं. मी निस्ती खाली बसत न्हाई.”

आबांनी आशेनं सुनेकडं पाहिलं. शुभांगी दारात भांडी घेऊन उभी होती.

“आबा, पत्रक नकोच,” ती म्हणाली. “मलाबी कळू द्या, लोक मला मत देतात का तुमाला.”

मग पुढचे दहा दिवस तोरडमलांच्या स्वयंपाकघरात एक उमेदवार भाकरी थापायची आणि दुसरी भाजायची. दोघींच्यात वाकडा शब्द नाही. शुभांगीच्या प्रचाराला देवळातली सगळी जाणती मंडळी निघाली, मागं छत्र्या घेतलेली पोरं, ऐन उन्हात. राहीबाईचा प्रचार म्हणजे ती चारनंतर डोक्यावर पदर घेऊन निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. कुठं जातेस म्हटलं तर म्हणायची, हितंच. तिसऱ्या दिवशी कानिफनाथनं बातमी आणली.

“वैनी भारतीसंगं घरोघर जात्यात. भासन न्हाई, काय न्हाई. बसत्यात आन इचारत्यात, तुमाला गावात काय कमी पडतं. काल भैलुम्यांच्यात चहा पेल्या.”

“रस्त्यावर?”

“आत. भिमाबाईच्या बाजंवर बसून, बशीत वतून.”

पारावर त्या दिवशी आबांचा पेपर वाचायचाही राहिला. गाव शहाणं आहे, लोक घरातली भानगड समजून मतदानालाच येणार नाहीत, चाळीस-पन्नास मतं पडतील आणि प्रकरण मिटेल, असा त्यांनी हिशोब बांधला. लाज वाटली तरी ती चाळीस मतांचीच वाटेल.

मतदानाच्या रविवारी सकाळी सव्वासातला आबा शाळेकडं निघाले. वळणावर आले आणि त्यांचे पाय थांबले. शाळेच्या फाटकातून रांग बाहेर आली होती, हातपंपाला वळसा घालून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. बायकांची रांग वेगळी, तीही तेवढीच लांब. पुण्याला हडपसरला कामाला असलेली पोरं आदल्या संध्याकाळीच येऊन झोपली होती. नगरला सावेडीत राहणारे निवृत्त गुरुजी मुलाच्या गाडीतून उतरत होते. वाट्यानं शेती करणारा नितीन, ज्याला आबांनी कधी कुठल्या बैठकीला बोलावलं नव्हतं, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. आबांनी आमदार-खासदारांच्या निवडणुका पाहिल्या होत्या. त्या वेळी गाड्या यायच्या, माणसं उचलून न्यायच्या. आज कुणी गाडी पाठवली नव्हती, कुणी जेवण घातलं नव्हतं. लोक आपल्या पायांनी आले होते, आणि आंघोळ करून, लग्नाला यावं तसे आले होते.

“आबा, या म्होरं,” कुणीतरी म्हणालं.

आबा पुढं गेले नाहीत. का कुणास ठाऊक, त्यांचं धाडस झालं नाही. ते गिरणीपाशी शेवटी उभे राहिले. शेजारच्या रांगेत, अगदी त्यांच्या खांद्याला खांदा लागेल अशी, भिमाबाई काठी टेकून उभी होती. म्हातारीलाही लोक पुढं बोलावत होते आणि तीही जात नव्हती.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणत होती, “लई वाट बघितली हाय. आजून घटकाभर.”

आबांना वडिलांची गोष्ट आठवली. इंग्रजाच्या काळात बोरखडीत नऊ जणांना मत होतं. जो भरपूर सारा भरेल त्याला मत, बाकीचं गाव मुकं. मग स्वातंत्र्य आलं, आणि पहिल्या निवडणुकीला बैलगाडीतून लोखंडी पेट्या आल्या, उमेदवारागणिक एक पेटी, वर चित्र डकवलेलं. वडील रांगेत उभे राहिले तर त्यांच्या पुढं ओढ्यापलीकडचा माणूस. तलाठ्याला म्हणाले, हे कसं? तलाठी म्हणाला, आता हे असंच. वडिलांनी मत दिलं आणि घरी येऊन आंघोळ केली. ही गोष्ट आबा पारावर नेहमी सांगत आणि लोक नेहमी हसत. आज ती आठवली आणि त्यांनी शेजारी उभ्या भिमाबाईकडं पाहिलं. ज्याच्यामागं उभं राहून वडिलांनी आंघोळ केली, तो भिमाबाईचा सासराच असणार. त्या वस्तीत तेव्हा घरं होतीच किती?

रांग हळूहळू सरकत होती. कुणी गोंधळ करत नव्हतं. आबांना वाटलं, आपण चाळीस वर्षं म्हणत आलो, गाव असं म्हणतंय, गाव तसं म्हणतंय. हे गाव तर आपण आज पहिल्यांदा पाहतोय. एवढं मोठं आहे हे? एवढी माणसं इथं राहतात? बरोबर मोकळे झालेले कितीक देश सोडून इथं हे मतांचं राज्य टिकलं कसं, याचं उत्तर त्यांनी पारावर बसून हजारदा दिलं होतं, आणि दर वेळी त्यात नाव स्वतःचंच घातलं होतं. आणि ही शेजारची भिमाबाई ताप असला तरी दर वेळी आली होती. मोरी तुंबलेलीच राहिली, रस्ता झाला नाही, कुणी आभार मानले नाहीत, तरी आली होती. टिकवलं ते हिनं. आपण काय केलं, तर सतरंज्या टाकल्या. आबांवर रांगेत उभं राहून डोळे पुसायची पाळी आली.

“ऊन लागतंय का, आबा?” भिमाबाईनं विचारलं.

“न्हाई, आक्का,” आबा म्हणाले. “धूळ गेली.”

भिमाबाई आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं कुणाला बोट दाखवलं नाही. ती भिंतीशी उन्हात उभी राहिली आणि शाई वाळेपर्यंत बोटावर फुंकर घालत राहिली.

मग आबांची पाळी. नाव पुकारलं, शाई लागली, आणि ते पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. मशिनवर दोन नावं, दोन्ही त्यांच्याच घरातली. खाली ‘वरीलपैकी कोणी नाही’. आबांना सवय होती ती विचारायची: काय करायचं, कानिफनाथ? इथं कानिफनाथ नव्हता, देऊळ नव्हतं, चहा नव्हता. बहात्तर वर्षांचा माणूस आणि ते बटण, बस्स. त्यांचं बोट बराच वेळ हवेत राहिलं. शेवटी त्यांनी दाबलं. शिट्टीसारखा लांब आवाज झाला आणि आबा दचकले.

दुसऱ्या दिवशी कर्जतला मोजणी झाली. अकराशे चाळीस मतदारांपैकी एक हजार एकतीस जणांनी मतं दिली होती. शुभांगीला चारशे एकाहत्तर. राहीबाईला पाचशे अठ्ठेचाळीस. आबांनी दोन्ही आकडे ऐकले, पण त्यांना सगळ्यात चक्रावलं ते तिसऱ्या आकड्यानं. ‘वरीलपैकी कोणी नाही’ला बारा मतं. बारा माणसं उन्हात तास-तास उभी राहिली, ती फक्त ‘कोणीही नको’ म्हणायला. त्यांच्या बैठकीत असं म्हणायची सोयच नव्हती. कोण असतील हे बारा? ते परतीच्या वाटेवर भेटेल त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

वेशीवर गाव गुलाल घेऊन उभं होतं. कानिफनाथ हार घेऊन सवयीनं आबांकडं आला, आणि आबांनीही सवयीनं मान खाली घातली. मग कुणी हसलं, मग सगळेच हसले. भारतीनं कानिफनाथच्या हातातून हार काढून घेतला आणि राहीबाईच्या गळ्यात घातला. राहीबाई घाबरल्यासारखी सगळीकडं बघत होती. “येवढ्या लोकांनी?” ती भारतीला सारखी विचारत होती, “माझ्या नावाम्होरं? येवढ्यांनी?” शुभांगीनं वाकून सासूला नमस्कार केला. डोळे तिचे लाल होते, पण ती उठली आणि म्हणाली, “आत्याबाई, चारशे एकाहत्तर मलाबी हायेत. हिशेबात ठेवा.” त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेशीवरची पाटी कुणी काढली नाही, वाऱ्यानं ती एका बाजूनं आधीच सुटली होती, आणि आबांनी ती नीट करायला सांगितलं नाही.

दिवे लागले तेव्हा आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सरपंच भाकरी थापत होती, हरलेली उमेदवार भाजत होती. केसांत अजून गुलाल होता, दोघींच्याही.

“येक इचारू?” आबा म्हणाले. “तू कुनाला मत दिलंस?”

राहीबाईचा हात थांबला. तिनं शुभांगीकडं पाहिलं. शुभांगीनं मान चुलीकडं वळवली, पण तिचे खांदे हसत होते.

“त्ये सांगायचं नसतं,” राहीबाई म्हणाली.

“आगं, मला?”

“कुनालाच. मग तिथं पुठ्ठा कशापायी लावला हुता?”

आबा हसायला गेले आणि मध्येच थांबले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं माहेरी जायचं विचारलं होतं, शेळी विकायची का विचारलं होतं, उद्या भाजी कुठली करू ते विचारलं होतं. आणि प्रत्येक मतदानाला शाळेच्या वाटेवर त्यांनी तिला सांगितलं होतं, अमुक चिन्ह, अमुक नंबरचं बटण, आणि तिनं मान हलवली होती.

“मग मागल्या येळी?” आबांनी हळू विचारलं. “लोकसभेला? मी सांगितलं हुतं त्येच दाबलंस न्हवं?”

राहीबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि कडेनं पाणी फिरवलं.

“आन त्येच्या आधी?”

“ताट घ्या,” ती म्हणाली, “गरम हाय तवर.”

आबा पाटावर बसले. ताट पुढं आलं तरी त्यांचा हात चालेना. ते एकेक निवडणूक मागं मागं आठवत गेले, पार लग्नाच्या सालापर्यंत, आणि दर वेळी त्यांना राहीबाई त्या आडोशामागं जाताना दिसली, एकटी.